चौथे शील आणि खैरलांजीची साक्ष



मागच्या तीन पाठांत आपण पहिली तीन शीले पाहिली. आज चौथे, म्हणजे मुसावादा वेरमणीचे शील घ्यायचे आहे. नवदीक्षित कुटुंबांत या शीलाचा अर्थ बहुधा 'खोटे बोलू नये' एवढाच सांगितला जातो, आणि लहान मुलांना तेवढा पुरेसाही आहे. परंतु गेल्या पौर्णिमेला आमच्या गावच्या विहारात वंदना झाल्यावर एका वयस्क माईने विचारले, "गुरुजी, डोळ्यानं पाह्यलं अन् पोलिसापुढं 'म्या नाही पाह्यलं' म्हनलं, तं शील मोडते का?" मी म्हणालो, मोडते. त्यावर ती म्हणाली, "मंग खैरलांजीच्या बाईनं शील पाळलं. तिचं काय झालं?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आम्ही भंडारा जिल्ह्याची माणसे. खैरलांजी आमच्याच मोहाडी तालुक्यात आहे. मी तेव्हा अकरावीत होतो. धान निसवण्याचे दिवस होते आणि नहराला पाणी होते. त्याच नहरातून प्रेते निघाली, हे आम्ही मोठ्यांच्या कुजबुजीतून ऐकले. शाळेत त्याविषयी कोणी एक शब्द बोलले नाही. आज मी स्वतः वर्गात उभा राहतो, समोर बसलेली मुले २००६ नंतर जन्मलेली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना, आपल्या घरच्यांनाही, काय घडले हे नीट ठाऊक नाही. म्हणून आजचा पाठ त्या घटनेवरच घेतो.

भैयालाल भोतमांगे, त्यांच्या पत्नी सुरेखाताई, मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन मुलगे असे हे पाच जणांचे कुटुंब. धम्म स्वीकारलेले. गाव बहुतांशी इतर समाजांचे. आपली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भोतमांगे कुटुंबाजवळ पाचेक एकर शेती होती आणि ते ती स्वतः कसत. घर मात्र कुडामातीचे, गवताच्या छपराचे. त्यांच्या शेतातून वाट काढण्यावरून गावातील काही लोकांशी अनेक वर्षे तंटा चालू होता. सुरेखाताई दबणाऱ्या नव्हत्या. स्वतःचे शेत, शिकणारी मुले, सायकलने शाळेला जाणारी मुलगी आणि कोणापुढे न वाकणारी आई, एवढ्या गोष्टी एका घरात आल्या की गावाच्या डोळ्यात ते घर कसे खुपते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

३ सप्टेंबर २००६ रोजी जवळच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. ते सुरेखाताईंचे नातेवाईक होते आणि या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहत. मारणाऱ्यांत खैरलांजीचे लोक होते. सुरेखाताईंनी आणि प्रियंकाने पोलिसांपुढे त्यांना ओळखले आणि तसे सांगितले. यावरून अटक झाली. अटकेतील माणसे २९ सप्टेंबरला जामिनावर सुटली आणि त्याच दिवशी, दिवस मावळताना, जमाव भोतमांगेंच्या दारावर गेला. आई, मुलगी आणि दोन्ही मुलगे यांना घराबाहेर ओढून, विटंबना करून, मारून टाकण्यात आले. भैयालाल त्या वेळी घरात नव्हते. त्यांनी लपून आवाज ऐकले आणि मदतीसाठी धुसाळ्याकडे धावले. दुसऱ्या दिवशी प्रियंकाचे प्रेत नहरात सापडले, नंतर बाकीच्यांची. त्या रात्रीच पोलिसांपर्यंत बातमी गेली होती, पण वेळेवर कोणी हलले नाही. शवविच्छेदनही इतके निष्काळजीपणे झाले की प्रेते उकरून पुन्हा तपासावी लागली. पुढे काही पोलीस अधिकारी-कर्मचारी निलंबित झाले. याहून अधिक वर्णन मी करणार नाही. काही लोक सभांतून ते तपशील चवीने सांगतात. त्या मायलेकींचा तो दुसऱ्यांदा अपमान आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशांत एखादा माथेफिरू बंदूक घेऊन शाळेत किंवा बाजारात शिरतो आणि समोर येईल त्याला गोळी घालतो, अशा बातम्या आपण वाचतो. तिथे मारणारा एकटा असतो आणि पुष्कळदा मरणाऱ्यांना ओळखतही नसतो. खैरलांजीत बंदूक नव्हती. काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या साखळ्या होत्या, म्हणजे घराघरांत असणाऱ्या वस्तू. मारणारे आणि मरणारे एकमेकांना नावाने हाक मारणारे होते आणि बाकीचे गाव आपापल्या दारात होते. त्यामुळे 'कोणी मारले' याबरोबरच 'कोणी पाहिले आणि कोण सांगणार' हा प्रश्न इथे पहिल्या दिवसापासून उभा राहिला.

आपल्याला बोचणारी आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. २००६ हे धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला होती. भंडाऱ्याहून नागपूर अवघे साठ-पासष्ट किलोमीटर. दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते, आपल्याच जिल्ह्यातून गाड्या भरभरून गेल्या होत्या, आणि तीन दिवसांपूर्वी शेजारच्या गावात एक बौद्ध कुटुंब संपवले गेले हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हते. वर्तमानपत्रांनी त्याला कोपऱ्यात जागा दिली. खरा उद्रेक नोव्हेंबरमध्ये झाला. नागपूर, भंडारा, अमरावती, सगळीकडे लोक रस्त्यावर आले. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण मरण पावला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि डिसेंबरअखेर अकरा जणांवर आरोपपत्र दाखल झाले.

खटला भंडाऱ्यातच चालला. सप्टेंबर २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले. आठांपैकी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप. पेढे वाटावे की रडावे हे लोकांना कळेना. कारण त्याच निकालात असेही म्हटले होते की अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा इथे लागू होत नाही आणि स्त्रियांच्या विनयभंगाचा आरोप सिद्ध झालेला नाही. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. हे खून सूडापोटी झाले, जातीमुळे नव्हे, असे न्यायालयाने धरले.

आता हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आपल्या पाठाशी त्याचा थेट संबंध आहे. सूड कशाचा? साक्ष दिल्याचा. म्हणजे चौथे शील पाळल्याचा. न्यायालयाच्या मते कारण साक्ष होते, म्हणून जात कारण नव्हती. मी कायद्याचा पंडित नाही, साधा शिक्षक आहे. परंतु मला इतके विचारावेसे वाटते की, गावातल्या एखाद्या मोठ्या घराच्या बाईने तीच साक्ष दिली असती, तर भांडण झाले असते, बोलणे बंद झाले असते, कदाचित हाणामारीही झाली असती. पण दिवसाउजेडी तिचे सगळे घर गावादेखत संपवण्याची कोणाची छाती झाली असती का? साक्ष हे निमित्त होते हे मान्य. हात उगारताना भीती का वाटली नाही, याचे उत्तर मात्र जातीतच सापडते.

त्या वेळच्या कायद्याची भाषा अशी होती की, मोठा गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' झाला, हे सिद्ध करावे लागे. आरोपीच्या मनातले कारण सिद्ध करणे किती कठीण, हे खैरलांजीने दाखवले. पुढे २०१५ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला 'माहीत असून' गुन्हा केला एवढे पुरे होते. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घराला ओळखत असेल, तर जात त्याला माहीत होती असेच न्यायालय धरून चालते. खेड्यात कोणाची जात कोणाला माहीत नसते?

इथे नवदीक्षितांचा नेहमीचा गोंधळ येतो. पुष्कळ जण म्हणतात, आम्ही जात टाकली, बौद्ध झालो, मग फिर्यादीत जात कशाला लिहायची? भावना चांगली आहे. पण जात आपण टाकली, मारणाऱ्याने टाकलेली नाही, आणि कायदा मारणाऱ्यासाठी आहे. अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० पासून बौद्धांचा समावेश आहे. पूर्वी अनुसूचित जातीत मोडणारे कुटुंब बौद्ध झाले म्हणून या कायद्याचे संरक्षण जात नाही. तेव्हा फिर्याद देताना धर्म बौद्ध आणि पूर्वाश्रमीची जात अशा दोन्ही नोंदी करायला सांगा, आणि जातीचा दाखला घरात कुठे आहे हे घरातल्या बायांनाही माहीत असू द्या. बहुतेक घरी तो बापाच्या पेटीत कुलपात असतो आणि किल्ली बापाच्या कमरेला.

फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगावी. सही किंवा अंगठा त्यानंतर. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. ठाण्यात घेतली नाही तर तीच लेखी तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक जाणूनबुजून ही कामे टाळेल तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, हेही लक्षात ठेवा.

परंतु २०१५ च्या दुरुस्तीतले सर्वांत मोलाचे कलम मला १५-अ वाटते. पीडित, त्याच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव व हिंसा यांपासून संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे त्यात लिहिले आहे. न्यायालयातल्या प्रत्येक कामाची, आरोपीच्या जामिनाच्या अर्जाचीसुद्धा, सूचना पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे. जामिनाच्या वेळी त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. साक्षीसाठी येण्याजाण्याचा खर्चही मिळतो. २९ सप्टेंबर २००६ ला हे कलम अस्तित्वात नव्हते. ज्यांना आपण ओळखले ती माणसे आज सुटणार आहेत, हे एका बाईला सकाळी कळणे आणि संध्याकाळी दारात कळणे यात किती अंतर आहे, याचा विचार करा. म्हणूनच मी सांगतो, मूळ गुन्ह्याला हा कायदा लागला की नाही हे पहिल्या दिवशीच पाहावे. तो लागला नाही तर १५-अ चा आधार त्या खटल्यात मागता येत नाही.

कायदा असला म्हणजे झाले असे मात्र समजू नका. बिहारातल्या लक्ष्मणपूर-बाथे गावात १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेच्या बंदूकधाऱ्यांनी ५८ माणसांना गोळ्या घातल्या, त्यांत बायका आणि मुलेच जास्त होती. २०१० मध्ये पाटण्याच्या सत्र न्यायालयाने २६ जणांना दोषी ठरवले. ९ ऑक्टोबर २०१३ ला उच्च न्यायालयाने त्या सर्वांना सोडून दिले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी विश्वासार्ह वाटल्या नाहीत, हे कारण. अंधारात लपून आपले घर मरताना ज्यांनी पाहिले, सोळा वर्षांनी त्यांच्या पदरी हे आले. खैरलांजीच्या खटल्यात निदान आठ जणांना तरी शिक्षा झाली, कारण गावातलेच काही साक्षीदार आपल्या शब्दावर टिकले. ते डगमगले असते तर आपणही हात हलवत घरी आलो असतो. त्या साक्षीदारांचे उपकार आपल्या समाजाने फारसे बोलून दाखवले नाहीत. ती चूक आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली मुंबईत केलेले 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण प्रत्येक घरात वाचले गेले पाहिजे. त्यात ते विचारतात की गावात मुसलमानांची दोन घरे असली तरी त्यांच्या वाटेला कोणी जात नाही आणि अस्पृश्यांची दहा घरे असली तरी सारे गाव त्यांच्यावर तुटून पडते, असे का? त्यांचे उत्तर असे की त्या दोन घरांच्या पाठीशी सबंध समाज उभा आहे हे गावाला ठाऊक असते. मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ अशी तीन बळे ते सांगतात. धर्मांतराचा एक हेतू हे बळ मिळवणे हाही होता. (याच भंडाऱ्यातून बाबासाहेब १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पडले. त्यांना निवडून न देणारा जिल्हा त्यांच्या जयंतीला मात्र डीजे लावतो.) आता भोतमांगे कुटुंबाकडे पाहा. मानसिक बळ त्यांच्यात भरपूर होते. शेतीही होती. पण मनुष्यबळ? २ ऑक्टोबरला ते लाखांनी नागपुरात होते आणि २९ सप्टेंबरला खैरलांजीत नव्हते.

इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा पाठ दुसऱ्यांना उपदेश होईल. मी सातवीत होतो. रोवणीच्या दिवसांत तलावाच्या पाळीवर पाण्याच्या पाळीवरून आपल्याच एका माणसाला मालकाच्या लोकांनी झोडपले. माझे वडील तिथून बैल घेऊन येत होते. त्यांनी सगळे पाहिले आणि घरी येऊन आईला सांगितले. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा मात्र म्हणाले, "म्या तवा घरीच होतो, साहेब." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. वडील रोज संध्याकाळी त्रिसरण-पंचशील घेत, त्या संध्याकाळीही त्यांनी घेतले. चौथ्या शीलाशी त्यांचा आवाज खाली गेला, तो मी ऐकला. मी त्यांना मनातल्या मनात भित्रे ठरवले आणि चारपाच वर्षे तसाच वागलो. खैरलांजी झाल्यावर एके रात्री ते एवढेच बोलले, "तुमी चार लेकरं होते घरात." तेव्हा मला हिशेब कळला. भोतमांगेंच्या घरातूनही चारच गेले.

म्हणून त्या माईला मी आता असे उत्तर देतो. जो एकटा आहे, ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याने भीतीने तोंड मिटले तर शील मोडते हे खरे, पण त्याचा दोष एकट्याच्या माथी मारू नये. त्याला एकटे सोडणाऱ्या सगळ्यांचे ते शील मोडलेले असते. पंचशील आपण विहारात एका सुरात म्हणतो, मग ठाण्यात आणि कोर्टात एकेकट्याने का जायचे?

दुसरी शंका तरुण मुले विचारतात. तथागतांनी अंगुलिमालालाही जवळ केले, मग आपण क्षमा का करू नये? गावचे पुढारी तर हेच वाक्य आपल्याला ऐकवतात, 'तुमचा धर्म शांतीचा, आपसात करून टाका.' अंगुलिमालाची कथा पुरी वाचा. त्याने शस्त्र टाकले, आपण काय केले हे मानले, त्यानंतर त्याला संघात जागा मिळाली. आणि भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला की त्याला दगड बसत, डोके फुटत असे. ते आपल्याच कर्माचे फळ आहे, सहन कर, असे तथागतांनी त्याला सांगितले. कर्माच्या फळातून त्याला सूट मिळाली नाही. वैराने वैर शमत नाही ही शिकवण आपण मानतो, म्हणून खैरलांजीनंतर आपण कोणाच्या घरी कुऱ्हाड घेऊन गेलो नाही, कोर्टात गेलो. तक्रार मागे घेणे याला मैत्री म्हणत नाहीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना ती आंधळा नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून समजावी असे मांडले आहे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. मार खाऊन गप्प बसा, असा नियम त्यांनी आपल्याला दिलेला नाही.

भैयालाल भोतमांगे यांनी पुढे सरकारी वसतिगृहात नोकरी केली आणि दहा वर्षे तारखा केल्या. सभांना बोलावले की जात, दोन शब्द बोलत आणि परत येत. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयात प्रकरण निकाली निघालेले नव्हते. पुतळ्यांच्या आणि कमानींच्या वर्गण्यांतून त्या दहा वर्षांत त्यांच्या जाण्यायेण्याला, सोबतीला आपण किती दिले, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी आठवून पाहावे. मी दिलेले मला आठवते. ते सांगण्यासारखे नाही.

आमच्या विहारात आम्ही गेल्या महिन्यात एक वही केली आहे. कोणाला साक्षीसाठी समन्स आले की त्या तारखेला सोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी कोण भरणार आणि साक्षीदाराच्या घरी त्या रात्री आणि पुढच्या आठ रात्री झोपायला कोण जाणार, एवढेच तिच्यात लिहायचे. झोपायला जाणाऱ्यांच्या रकान्यात सर्वांत आधी नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्या माईने. तिला मी म्हणालो, माई, तुमचे वय झाले. ती म्हणाली, "म्हातारीले झोप कुठं येते? जागीच असतो म्या."

तुमच्या गावी एकच घर असेल तर जवळच्या तीन-चार गावांनी मिळून अशी वही ठेवावी. पुढील अंकी पाचवे शील. त्याआधी जातीचे दाखले शोधून ठेवावेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल पंजीची नक्कल, जे मिळेल ते घेऊन रविवारी वंदनेनंतर थांबावे. अर्ज मी लिहून देईन.